शब्दचर्चा: तलावातल्या कार्बनसाठी ‘विघटन’ हा एकच शब्द पुरतो का?

प्रश्न
सुपोषित (पोषकद्रव्यांचा भार वाढलेल्या) तलावांवरच्या मजकुरात ‘जिवाणू सेंद्रिय कार्बनचे विघटन करतात’ हे वाक्य सारखे भेटते. कुजणे, विघटन, श्वसन, खनिजीकरण हे समानार्थी धरायचे का? आणि ‘विद्राव्य सेंद्रिय कार्बन’ ही संज्ञा बरोबर आहे का?

प्रतिसाद १
समानार्थी नाहीत. कार्बन शेवटी कुठे पोचला ते पाहून शब्द निवडावा. मेलेल्या शेवाळातली प्रथिने आणि पिष्टमय रेणू अख्खे जिवाणूच्या आत जात नाहीत. जिवाणू विकरे (एन्झाइम) वापरून ते बाहेरच तोडतात, हे विघटन. तुकडे आत गेले की काही कार्बन नव्या पेशी बांधायला लागतो, हे आत्मसात्करण. उरलेल्यातून ऊर्जा काढून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो, हे श्वसन. सेंद्रिय पदार्थ थेट असेंद्रिय रूपापर्यंत पोचला, सोबत फॉस्फेट आणि अमोनियम सुटले, की खनिजीकरण. ‘कुजणे’ बोलण्यात ठीक आहे, पण त्याच्यापुढे आकडा लिहिता येत नाही.

हा फरक हिशेबात लगेच दिसतो. तलावाचे पाणी भरलेल्या अंधाऱ्या बाटलीत (म्हणजे प्रकाशसंश्लेषण होत नाही) ऑक्सिजन २४ तासांत लिटरमागे ८.० वरून ७.२ मिलिग्रॅमवर आला, तर ०.८ मिलिग्रॅम वापरला गेला. एका ऑक्सिजन रेणूमागे एक कार्बन धरला तर ०.८ × १२ ÷ ३२ = ०.३ मिलिग्रॅम कार्बनचे श्वसन झाले. त्याच वेळात ०.१ मिलिग्रॅम कार्बन नव्या पेशींत गेला असेल, तर जिवाणूंनी एकूण ०.४ उचलला आणि वाढीची कार्यक्षमता २५ टक्के. दोन्हींना ‘विघटन’ म्हटले की हे गणित मांडताच येत नाही.

प्रतिसाद २
वरच्या हिशेबाला एक जोड. न गाळलेल्या पाण्यात शेवाळही श्वसन करते, म्हणून त्या ०.३ ला ‘समुदायाचे श्वसन’ म्हणावे, ‘जिवाणूंचे’ नव्हे. कार्यक्षमता काढायची तर शेवाळ आधी गाळून वेगळे करावे लागते. शिवाय अमोनियम भरपूर असेल तर नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियमचे नायट्रेट बनवणारे, जिवाणूही ऑक्सिजन खातात आणि कार्बनचा आकडा फुगतो. त्यासाठी अ‍ॅलिलथायोयुरिया हे रसायन घालून नायट्रीकरण रोखतात.

‘विद्राव्य’ म्हणजे विरघळू शकणारे. इथे ‘विरघळलेला सेंद्रिय कार्बन’ हवे. तेही गाळणीवर ठरते: ०.४५ किंवा ०.७ मायक्रोमीटरच्या गाळणीतून जे खाली उतरते ते ‘विरघळलेले’ मानायचे. लहान जिवाणू ०.७ मधून सहज निसटतात, तेव्हा गाळणीचे माप लिहिल्याशिवाय ही संज्ञा वापरू नये. काचतंतूंची गाळणी आधी ४५० अंश सेल्सियसला काही तास भाजून घ्यावी, नाहीतर तिच्यावरचाच सेंद्रिय अंश नमुन्यात मोजला जातो.

प्रश्नकर्ता
मग तळाशी ऑक्सिजन संपल्यावर श्वसन थांबते, असे लिहावे का?

प्रतिसाद १
नाही, हीच चूक सर्वांत जास्त आढळते. ऑक्सिजन संपला की साधारणपणे नायट्रेट, मँगेनीज, लोह, सल्फेट या क्रमाने जिवाणू पर्याय वापरतात. ते विनॉक्सी श्वसन. किण्वन त्याहून निराळे: त्यात बाहेरचा इलेक्ट्रॉनग्राही (ऑक्सिजन किंवा नायट्रेटसारखा इलेक्ट्रॉन स्वीकारणारा पदार्थ) लागत नाही आणि अ‍ॅसिटेट, हायड्रोजन असे अर्धवट पदार्थ उरतात. गोड्या पाण्यात सल्फेट कमी, म्हणून गाळात मिथेननिर्मितीला मोठा वाव मिळतो. ते काम आर्कियांचे (जिवाणूंहून वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवांचे), त्यामुळे इथे ‘जिवाणू’ न लिहिता ‘सूक्ष्मजीव’ लिहावे. अ‍ॅसिटेटच्या दोन कार्बनपैकी एक मिथेनमध्ये जातो, दुसरा कार्बन डायऑक्साइडमध्ये. हेही खनिजीकरणच, पण ऑक्सिजनच्या बाटलीत ते दिसत नाही. वर येणारा विरघळलेला मिथेन ऑक्सिजनच्या सीमेवर मिथेनभक्षी जिवाणू बराचसा खाऊन टाकतात. उथळ तलावात मात्र बुडबुडे त्यांना चुकवून थेट हवेत पोचतात.

प्रतिसाद ३
‘सुपोषित’बद्दल: कुपोषणाच्या उलट, म्हणजे चांगले, असा वाचकाचा समज होतो. तरी तो बदलून ‘अतिपोषित’ करू नये. एकूण फॉस्फरस लिटरमागे ३५ ते १०० मायक्रोग्रॅम असलेला तलाव सुपोषित आणि १०० च्या वर अतिसुपोषित, अशी रूढ वर्गवारी आहे. ‘अति’ आधीच वापरला तर वरच्या वर्गाला शब्द उरत नाही. पहिल्या उल्लेखाशी ‘पोषकद्रव्यांचा भार वाढलेला’ असे जोडून द्यावे.