करवंटीचा कोळसा तेलाला पुरणार नाही

वरती कुणीतरी लिहिलंय की करवंटीचा ॲक्टिव्हेटेड कोळसा (प्रक्रिया करून असंख्य बारीक छिद्रं पाडलेला) तेलगळतीवर टाकावा. तिथे थोडी गल्लत होतेय. त्या कोळशाची बहुतेक छिद्रं २ नॅनोमीटरपेक्षाही (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लहान असतात. पाण्यात विरघळलेले बेंझिनसारखे पदार्थ ती छान धरतात, म्हणूनच तो फिल्टरमध्ये वापरतात. पण तरंगणारं दाट तेल तिथे शिरणार कसं?

त्याला मोठ्या पोकळ्या हव्यात. कापसाचा बोळा हवाबंद भट्टीत तापवला की सेल्युलोजमधला (कापूस ज्याचा बनतो तो पदार्थ) ऑक्सिजन आणि हायड्रोजन बराचसा निघून जातो, कार्बनच्या धाग्यांचं जाळं उरतं. पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) गेल्यामुळे ते पाणी झिडकारतं आणि तेल पितं. या हलक्या, सच्छिद्र जाळ्याला कार्बन एरोजेल म्हणतात आणि ते स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट तेल घेतं. २०१३ च्या एका शोधनिबंधात ५० ते १९२ पट असे आकडे आहेत. अर्थात, हे प्रयोगशाळेतलं, स्वच्छ तेलावरचं.

ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा शेकडो टन तेल सांडून खारफुटीपर्यंत पोचलं. ऐन पावसाळ्यात, खवळलेल्या समुद्रात जड इंधन तेलाचा पाण्याशी घुसळून चिकट लगदा होतो. तो एरोजेलच्या आत जातच नाही, वरच लिंपून बसतो. त्यामुळे माझ्या मते हे साहित्य खुल्या समुद्रापेक्षा गॅरेज, बंदर, कारखान्याच्या सांडपाण्यासाठी जास्त कामाचं. आणि तेल प्यायलेला माल पिळून वा आतलं तेल जाळून पुन्हा वापरणार की कचऱ्यात टाकणार, हे आधी ठरवायला हवं.