वॅगन-आरचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलतोय, पिस्टन मागे जात नाही

पाचोरा_शेतशिवार
राम राम मंडळी. गाडी २०१४ ची वॅगन-आर. आईचे डोळे दाखवायला दर महिन्याला कन्नड घाटातून संभाजीनगरला जाणं-येणं असतं. गेल्या खेपेला घाट उतरताना पुढच्या उजव्या चाकातून लोखंड घासल्यासारखा आवाज सुरू झाला. चाळीसगाव येईपर्यंत आई दरवाजा घट्ट धरून बसली होती. आज चाक काढलं. आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलाय, बाहेरचा अर्धा शिल्लक आहे. नवे पॅड आणलेत, पण पिस्टन हाताने आत जात नाही. निपल उघडून ब्रेक ऑइल सोडावं लागेल का? आणि फक्त उजवीकडचे बदलले तर चालेल का? गाडी अंगणात जॅकवर आहे.

चाळीसगाव_घाटपायथा
भाऊ, आधी जॅकचं बघा. अंगण काळ्या मातीचं असेल तर वरून कितीही कडक दिसो, जॅक हळूहळू खचतो. माझी गाडी एकदा डोळ्यांदेखत बोटभर सरकली. तेव्हापासून जॅकखाली जाड फळी, काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली आडवं आणि मागच्या चाकांना विटा, याशिवाय मी पाना हातात घेत नाही.

आतला पॅड संपला आणि बाहेरचा उरला, म्हणजे नुसते पॅड बदलून भागणार नाही. कॅलिपर, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरून ठेवणारा भाग, दोन पिनांवर सरकतो. पिस्टन आतल्या पॅडला दाबतो, आणि त्याच जोराने कॅलिपर उलटा सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिन जाम झाली की सगळा भार आतल्यावर येतो. तुमची एक तरी पिन अडकलेली असणार. दोन्ही काढा, जुनं ग्रीस पुसा, गंज बारीक पॉलिश पेपरने घालवा, रबरी बूट फाटला असेल तर नवा टाका. ब्रेकच्या पिनांसाठी वेगळं सिलिकॉन ग्रीस मिळतं, तेच लावा. बेअरिंगच्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन परत अडकते.

निपलला हात लावू नका. ऑइलच्या डबीचं झाकण सैल करा, पातळी वर असेल तर सिरिंजने थोडं काढून घ्या. पिस्टन आत गेला की ऑइल वर येतं, आणि सांडलं तर गाडीचा रंग उचलतं. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश, सरळ दाबा. तरीही हलला नाही तर थांबा आणि कॅलिपर मिस्त्रीला दाखवा. तोवर तो होज पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

पॅड दोन्ही चाकांचे बदला. एकाच बाजूचे घातले तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते, आणि आपल्या घाटात एका अंगाला दरी आहे.

धुळे_आग्रारोड
वरचं सगळं बरोबर. डिस्कही बघा, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, जिला पॅड दाबतात. पत्रा घासून खोल चर पडला असेल तर नवे पॅडही खराब होतील. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याहून पातळ झाली असेल तर लेथवर न नेता नवीन घ्या. पॅडची धूळ फुंकू नका दादा, छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. हे राहिलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

पाचोरा_शेतशिवार
खालचीच पिन होती. बूट फाटून आत माती शिरली होती, वाळून दगड झालेली. काढायला दीड तास गेला. वरची सहज निघाली. पिस्टन क्लॅम्पने गेला. डिस्कवर नखाला जाणवतील असे चर आहेत, पण जाडी कोरलेल्या आकड्याच्या वर भरली. डावीकडच्या पिना ठीक होत्या, तरी ग्रीस बदललं. भडगाव रस्त्यावर पन्नासवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा हळू ब्रेक लावून पॅड बसवले, गाडी सरळ थांबते.

घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरवू की तिसऱ्या? आईला सोमवारी न्यायचंय.

चाळीसगाव_घाटपायथा
दुसऱ्या. आणि ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, दाबा आणि सोडा. खाली पोचलात की चाकाजवळ वास घ्या, जळका आला तर पिन पुन्हा बघू.