गृहकर्जाच्या विम्याचा हप्ता: मुदत टळली तरी तक्रार होते

तुम्ही म्हणताय, गृहकर्जासोबत गळ्यात मारलेला विमा रद्द करायची मुदत टळली, त्याचे पैसे आता विसरायचे. इतक्यात विसरू नका!

माझ्या भावाचं कर्ज ३० लाख मंजूर झालं, पण खातेउताऱ्यावर ३१ लाख १२ हजार. वरचे १ लाख १२ हजार विम्याचा एकरकमी हप्ता. सह्यांच्या गठ्ठ्यात तोही फॉर्म होता, 'विम्याशिवाय फाईल पुढे जात नाही' असं सांगून पुढे सरकवलेला. तो हप्ताही कर्जातच, म्हणजे ९ टक्के व्याजाने २० वर्षांत जवळपास २ लाख ४२ हजार भरायचे. आणि विमा फक्त ५ वर्षांचा! ते वाचून माझ्या पोटात खड्डा पडला.

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत (२०२४ पूर्वी बहुतेक पॉलिसींना १५च होते) ती रद्द करता येते. भावाने दहाव्या दिवशी विमा कंपनीला लेखी कळवलं. किरकोळ कपात होऊन रक्कम कर्जखात्यात जमा झाली.

तुमची मुदत टळली असली तरी बँक आणि विमा कंपनी दोघांनाही लेखी तक्रार द्या, पोच घ्या. काय सांगून सही घेतली ते नेमकं लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर त्यानंतर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. मुंबई-पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. मंजुरीपत्र आणि खातेउतारा तेवढा आजच काढून ठेवा.