मदत हवी आहे: शाळेच्या वाटेवरचा सायकल मार्ग अडला आहे, दाद कोणाकडे मागायची?

सईची_आई
नमस्कार. माझी मुलगी येत्या जूनमध्ये आठवीत जाईल. शाळा घरापासून अडीच किलोमीटरवर असून ती गेली दोन वर्षे सायकलने जाते. मुख्य रस्त्याच्या कडेला सायकल मार्ग आहे, परंतु त्यावर सकाळी सातपासून दुचाकी लावलेल्या असतात आणि चौकाच्या अलीकडे नाश्त्याची एक गाडी उभी असते, त्यामुळे मुलांना खाली रस्त्यावर उतरावे लागते. फेब्रुवारीत सई अशीच उतरली आणि पावसाळी गटाराच्या जाळीत तिचे पुढचे चाक अडकले. मागून येणाऱ्या बसच्या चालकाने वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून गुडघ्याला सहा टाके पडण्यावर निभावले. मी तीन वेळा तक्रार केली. तिन्ही वेळा ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून ती बंद करण्यात आली आणि शेवटच्या वेळी जोडलेले छायाचित्र तर दुसऱ्याच रस्त्याचे होते. शाळा उघडायला सहा आठवडे उरले आहेत. कायद्यात काही तरतूद आहे का आणि कोणाकडे जावे, एवढेच सांगा. मुलीला रिक्षाने पाठवा, असा सल्ला कृपया देऊ नये.

चाकोरी
ताई, वाचून काळजी वाटली, पण एवढ्या माहितीवर उत्तर देणे कठीण आहे. गाव कोणते? रस्ता कोणाच्या ताब्यात आहे: महापालिकेच्या, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या की राष्ट्रीय महामार्गाच्या? सायकल मार्ग स्वतंत्र बांधलेला आहे की पदपथावरच रंगाचा पट्टा ओढलेला आहे? तक्रार ॲपवर केली होती की लेखी दिली होती? लेखी दिली असल्यास पोच आहे का?

गिअर_आणि_घाट
मी बारा वर्षे लांब पल्ल्याची सायकल चालवतो, त्या अनुभवावरून सांगतो. अरुंद टायर असलेली सायकल शहरात मुलांना देऊ नये. किमान दीड इंच रुंदीचा टायर, हँडलला आरसा, मागे लाल दिवा आणि मापाचे हेल्मेट, एवढे केले की निम्मे प्रश्न सुटतात. हेल्मेट हनुवटीखाली घट्ट बसते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

सईची_आई
हेल्मेट तिच्याकडे आहे आणि त्या दिवशीही डोक्यावर होते. चाक जाळीत गेले तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

चाकोरी, गावाचे नाव मुद्दाम देत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील महानगरपालिकेचे शहर आहे, एवढे पुरे. मार्ग पदपथाला लागून असून लाल पेव्हर ब्लॉकचा आहे. काल टेप घेऊन गेले होते. कुंपणाची भिंत ते बोलार्ड (वाहने अडवण्यासाठी रोवलेला खुंट) हे अंतर एक मीटर चाळीस सेंटीमीटर भरले आणि त्यातही एका ठिकाणी दिव्याचा खांब मधोमध आहे. जाळी खाली डांबरी रस्त्यावर, कडेला आहे. तिच्या पट्ट्या रस्त्याच्याच दिशेने आहेत आणि दोन पट्ट्यांमध्ये माझी दोन बोटे जातात. तक्रारी तिन्ही ॲपवर केल्या. रस्ता कोणाचा, हे मला ठाऊक नाही. शहरात आहे म्हणजे महापालिकेचाच असणार ना?

निवृत्त_उपअभियंता
तसे गृहीत धरू नका. शहराच्या हद्दीतून जाणारा रस्ता राज्य मार्ग असू शकतो आणि तसे असल्यास डांबर एका खात्याचे, पदपथ दुसऱ्याचा आणि गटार तिसऱ्याचे, अशी वाटणी असते. तुमची तक्रार तीन वेळा बंद होण्यामागे हेच कारण असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते, कारण ज्याच्याकडे ती गेली त्याच्या दृष्टीने तो विषय त्याचा नव्हताच. आधी मालकी निश्चित करा.

आता मूळ दोष. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या वाहतुकीच्या दिशेला आडव्या असाव्या लागतात, म्हणजे चाक त्यांवरून जाते, त्यांमध्ये शिरत नाही. आमच्या काळात डांबरीकरणाच्या वेळी चेंबर उचलून पुन्हा बसवताना मजूर जाळी फिरवून टाकत आणि कोणी पाहत नसे. जाळी चौकोनी असेल तर ती उचलून नव्वद अंशांत फिरवणे, लांबट असेल तर वरून आडव्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करणे, हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि त्याला निविदा लागत नाही. हा एक मुद्दा स्वतंत्र अर्जात, छायाचित्रावर मोजपट्टी ठेवून, कनिष्ठ अभियंत्याच्या हातात द्या. सायकल मार्ग, गाडी आणि पार्किंग यांच्याशी तो मिसळला की वर्षभर फिरत राहील.

रुंदीबाबत सांगायचे तर रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:११ ही सायकल मार्गांसाठीची संहिता १९६२ पासून आहे आणि ती २०१५ मध्ये सुधारली गेली. किमान दोन मीटरची अपेक्षा तिच्यात अगदी सुरुवातीपासून आहे. एक मीटर चाळीसमध्ये मधोमध खांब असेल, तर दोन मुले समोरासमोर आल्यावर एकाला उतरावेच लागेल.

रानवाट
सायकल मार्ग हा उपायच मुळात चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्यात २००६ मध्ये बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठीच्या स्वतंत्र मार्गिकांबरोबर, सायकल मार्ग बांधले गेले, २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर झाला, तरी आज रोजचा सायकलस्वार गाड्यांमधूनच वाट काढतो. मार्ग बांधला की मोटारचालकाला वाटते, सायकलने रस्त्यावर येऊच नये. त्यापेक्षा शाळांच्या परिसरात वेग ताशी तीस किलोमीटरवर आणा.

चाकोरी
वेग कमी करण्याची मागणी योग्यच आहे, पण तेरा वर्षांच्या मुलीला बसच्या पुढे चालवायला लावून आपण कोणते तत्त्व सिद्ध करणार आहोत? तुटक बांधलेल्या मार्गाचा दोष मार्ग या कल्पनेवर टाकू नये. ज्या चौकात मार्ग संपतो तिथेच त्याची सर्वाधिक गरज असते आणि आपल्याकडे तो नेमका तिथेच सोडून दिला जातो.

दत्तूकाका
आमच्या वेळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की हवालदार शिट्टी वाजवून थांबवत असे. मी दोनदा दंड भरला आहे. रस्त्यावर सायकलला एक स्थान होते, म्हणून तिला नियमही होते. तो बिल्ला पुन्हा सुरू व्हावा, असे मला मनापासून वाटते.

न्यायपथ
काका, परवाना आणला की पहिला भुर्दंड दूधवाले, वॉचमन आणि शाळकरी मुले यांनाच बसेल, म्हणून मी त्या बाजूचा नाही. असो, ताईंच्या प्रश्नाकडे येतो.

मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ नुसार पदपथावर, सायकल मार्गावर आणि पादचारी ओलांडणीवर वाहन उभे करण्यास मनाई आहे. शिवाय इतरांना धोका होईल अशा रीतीने वाहन सोडून जाणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ मध्ये येते. म्हणजे पार्किंगचा विषय वाहतूक पोलिसांचा आहे, ॲपचा नाही.

हक्काचा_रस्ता
कलम १९८अ का विसरता? सदोष रस्त्यासाठी ठेकेदाराला आणि अधिकाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ताईंनी सरळ नोटीस पाठवावी. अर्ज-विनंत्यांचे दिवस गेले.

न्यायपथ
विसरलो नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले ते कलम मृत्यू किंवा अपंगत्व आल्यासच लागू होते आणि देवाच्या कृपेने सईच्या बाबतीत तसे झालेले नाही. लागू नसलेले कलम नोटिशीत घातले की समोरचा विधी विभाग एका परिच्छेदात ती निकाली काढतो. त्याऐवजी त्याच दुरुस्तीतील कलम १३८(१अ) पाहावे. पादचारी आणि विनामोटार वाहनांबाबत नियम करण्याचा अधिकार त्याने राज्याला दिला आहे आणि असे नियम सहा महिन्यांत करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना सांगितले. अर्थात, हा लांबचा रस्ता आहे.

ताईंसाठी जवळचा रस्ता म्हणजे जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि पोलीस, परिवहन व बांधकाम विभाग एकाच टेबलाशी बसतात, त्यामुळे ‘हे आमच्याकडे नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र घेऊन जा, एकट्या पालकाच्या पत्रापेक्षा त्याला वजन असते.

माहिती_मागा
सोबत माहितीचा अर्ज अवश्य टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर आणि न आल्यास प्रथम अपील. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, हे ध्यानात ठेवा. ‘रस्ता सदोष का आहे’ असे विचारू नये, कारण ‘का’ला उत्तर देण्यास ते बांधील नाहीत. रस्त्याची मालकी दर्शवणारी नोंद, सायकल मार्गाचा कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचा आदेश) आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो ते दर्शवणारे कागद यांच्या प्रती मागा. कालावधी शिल्लक असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्याच खर्चाने होते.

गिअर_आणि_घाट
आणि ती नाश्त्याची गाडी अतिक्रमण विभागाकडून उचलून न्यायला लावा. एका फोनचे काम आहे.

सुलभा_प
असे एकदम म्हणू नका. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे आणि जागा ठरवण्यासाठी शहरात नगर पथविक्रेता समिती असते. उचललेली गाडी चार दिवसांत तिथेच परत येते, हे मी आमच्या पेठेत पाहिले आहे. आम्ही पालक त्या बाईंशी जाऊन बोललो, तेव्हा त्या स्वतःच दहा पावले आत, दुकानाच्या पायरीशी सरकल्या. त्यांची मुलेही त्याच शाळेत होती.

सईची_आई
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दहा दिवसांत घडलेले कळवते.

जाळीचा अर्ज छायाचित्रासह कनिष्ठ अभियंत्यांना प्रत्यक्ष दिला. ते समोर येऊन पाहून गेले आणि चौथ्या दिवशी दोन माणसांनी पहारीने जाळी उचलून फिरवून बसवली. मी सईची सायकल तिच्यावरून स्वतः ढकलून पाहिली. त्याच रस्त्यावर अशा आणखी सात जाळ्या मी मोजल्या आहेत, त्यांची यादी खांबांच्या क्रमांकांसह दिली आहे. मुख्याध्यापकांनी पत्र दिले असून समितीकडे ते पोहोचले आहे. माहितीचा अर्जही टाकला.

पार्किंग मात्र जसेच्या तसे आहे. ‘तिथे नो पार्किंगचा फलक नाही, म्हणून कारवाई करता येत नाही,’ असे तोंडी उत्तर मला मिळाले. यावर काय करावे?

न्यायपथ
सायकल मार्गावरील मनाई विनियमातच आहे, तिला फलकाची अट नाही. तेवढा उतारा अर्जाला जोडा आणि त्यांचे म्हणणे लेखी मागा. तोंडी उत्तरावर अपील करता येत नाही.

सईची_आई
सोमवारी सकाळी अर्ज घेऊन जाते. पोच दिली नाही तर?

न्यायपथ
तिथून थेट टपाल कार्यालयात जा आणि स्पीड पोस्टने पाठवा. पावती जपून ठेवा.