केसवर्कर बदलली की मुलीनं सगळं पुन्हा सांगायचं का?

डिचोलीची ताई:
उत्तर गोव्यातल्या एका बालगृहात माझं हे सातवं वर्ष. (मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) आमची कन्नड बोलणारी सहकारी गेल्या शुक्रवारी काम सोडून वेर्ण्याच्या औषध कंपनीत लागली. तिला मी दोष देणार नाही. घरी आजारी आई, आणि अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर तिनं चार वर्षं काढली.

तिच्याकडची एक मुलगी आता माझ्याकडे आलीय. वय दहा, आईवडील बांधकामावर. कोंकणी समजते, पण मनातलं कन्नडमधूनच येतं. पोलिसांना सांगून झालं, बालकल्याण समितीपुढे झालं, पहिल्या केसवर्करला झालं, मग आता गेलेल्या या सहकारीला, तिच्या अक्काला. सोमवारी मी समोर बसले तर म्हणाली, "अक्काला सगळं ठाऊक आहे, तिला विचार."

पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम ३३ मध्ये मुलांना साक्षीसाठी पुन्हा पुन्हा कोर्टात बोलावू नये असं आहे. मग आपणच तेच करतोय ना? फाईलमध्ये सामाजिक तपासणी अहवाल आहे, वैयक्तिक काळजी आराखडा आहे. तिला रात्री दिवा लागतो, न्हाणीघराचं दार बाहेरून ओढलेलं चालत नाही, हे मात्र कुठंच नाही. ते अक्काच्या डोक्यात होतं. माणूस जाताना तुमच्याकडे मुलं कशी सोपवतात?

वाळपईकर:
मी या कामातून निवृत्त झालोय. जाणाऱ्यानं नव्या माणसाला मुलासमोर नेऊन बसवायचं, निदान तीनदा. आणि तुम्ही तिला घडलेलं विचारूच नका. "मी वाचलंय, तुला परत सांगायला नको," एवढं तिच्या भाषेत सांगा.

फोंड्याहून:
मी २०२१ मध्ये सोडलं. पगार कमी होताच. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतही जिल्हा बालसंरक्षण कक्षातल्या समाजसेवकाला महिना १८,५३६ रुपयेच धरलेत. पण मी पगारासाठी नाही सोडलं. एका मुलाचा जबाब ऐकून संध्याकाळी कदंबाच्या बसमध्ये बसले आणि घर येईपर्यंत रडत होते. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी फक्त अहवाल कधी देणार ते विचारलं. "तू जेवलीस का?" असं कुणी विचारलं असतं तर मी आजही तिथं असते. तुमच्या अक्कालाही एकदा विचारा, ती खरंच कशामुळे गेली.

मडगावकर:
भाषेचं सांगतो. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडे दुभाष्यांची नोंदवही असायला हवी. कन्नड दुभाषा लेखी मागा. बालगृहातल्या मोठ्या मुलीला मध्ये घालू नका, कृपा करून.

डिचोलीची ताई:
दुभाष्यासाठी अर्ज दिला. अक्काला फोन केला. रविवारी यायला तयार आहे, अधीक्षकांची लेखी परवानगी मागितलीय. का सोडलंस विचारलं तर बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, भेटल्यावर बोलू. आज आराखड्यात दिवा आणि दार, दोन्ही लिहून खाली सही केली.