मदत हवी आहे : शेजारीणबाईंना फुप्फुसाच्या तपासणीसाठी ‘अपात्र’ ठरवले

तिसरी_पाळी :
आम्ही डेट्रॉइटला राहतो. आमच्या शेजारच्या कृष्णवर्णीय बाई रोज दहा सिगारेटी ओढतात. गेल्या महिन्यात त्यांचा धाकटा भाऊ फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला, तेव्हापासून त्या धास्तावल्या आहेत. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनसाठी मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेले, तर तिथल्या मुलीने संगणकात काही आकडे भरले आणि ‘तुमचे पंधरा होतात, वीस लागतात’ असे सांगून आम्हाला परत पाठवले. कृष्णवर्णीयांना हा आजार कमी सिगारेटींवरही होतो, असे मी वाचले आहे. मग वीसचा नियम सर्वांना सारखा कसा, आणि त्याविरुद्ध दाद कुठे मागायची? कृपया लवकर सांगावे.

कोरडवाहू :
बाईंचे वय किती, किती वर्षांपासून ओढतात, अजून ओढतात की सोडली, विमा कोणता, यांपैकी एकही गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. पंधरा आणि वीस हे ‘पॅक-इयर’ आहेत. रोज वीस सिगारेटींचे एक पाकीट असे वर्षभर ओढले की एक पॅक-इयर होते. हे पंधरा कसे आले, ते आधी सांगा.

सातारी_कंदी :
माझ्या काकांची चाळीस वर्षांची बिडी केवळ लवंग आणि बडीशेप चघळून सुटली. बाईंना हा उपाय अवश्य सुचवावा, खर्च काहीच नाही.

तिसरी_पाळी :
@सातारी_कंदी, सिगारेट कशी सोडवावी हे मी विचारलेले नाही.
@कोरडवाहू, वय ६१, अजून ओढतात, विमा खाजगी आहे. तीस वर्षे रोज दहा, म्हणून पंधरा.

निंबोणी :
नियम सर्वांना सारखा आहे, हेच तर त्याचे दुखणे आहे. २०१३ साली अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने (कोणती तपासणी कोणाला करावी याची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने) वय ५५ ते ८० आणि ३० पॅक-इयर अशी अट घातली होती. दक्षिणेकडील राज्यांमधली एक मोठी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५६ टक्के गोरे त्या अटीत बसत होते, कृष्णवर्णीय मात्र ३२ टक्केच. याचे कारण असे की कृष्णवर्णीय लोक सरासरीने कमी सिगारेटी ओढतात आणि तरीही त्यांना आजार लवकर गाठतो. त्यामुळे २०२१ मध्ये अट ५० वर्षे आणि २० पॅक-इयर अशी खाली आणली गेली. दरी त्यामुळे कमी झाली, बुजली मात्र नाही.

अटकमटक :
याचे मूळ मेंथॉलमध्ये, म्हणजे सिगारेटीतल्या पुदिन्यासारख्या थंड स्वादात आहे आणि कोणी त्याचे नावच घेत नाही! अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक मेंथॉलच्या सिगारेटी ओढतात, कारण कंपन्यांनी त्यांच्याच वस्त्यांमध्ये अनेक दशके त्यांची जाहिरात केली. २००९ च्या कायद्याने इतर स्वादांच्या सिगारेटींवर बंदी आणली, पण मेंथॉल वगळले. २०२२ मध्ये बंदीचा प्रस्ताव आला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो मागेही घेतला गेला.

निंबोणी :
मेंथॉलच्या थंडाव्यामुळे धूर घशाला टोचत नाही आणि सवय सोडणे अवघड जाते, हे मान्य. पण सिगारेटमागे सिगारेट धरली तर मेंथॉलमुळे कर्करोग अधिक होतो, असे त्याच दक्षिणेकडील पाहणीच्या २०११ च्या निष्कर्षांत दिसले नव्हते. तेव्हा सगळे खापर एका मेंथॉलवर फोडू नये.

कोरडवाहू :
हवाई आणि लॉस एंजेलिस येथील १,८३,००० हून अधिक लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. दिवसाला वीसपर्यंत सिगारेटी ओढणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीय आणि मूळ हवाईयन लोकांना गोऱ्यांपेक्षा ठळकपणे अधिक धोका आढळला, पण तीसच्या वर गेल्यावर तो फरक ठळक राहिला नाही. ‘कमी ओढतो म्हणून सुरक्षित’ हे गणित नेमके या लोकांच्या बाबतीत फसते. शिवाय एका सिगारेटमागे कृष्णवर्णीयांच्या रक्तात निकोटीनचा अंश अधिक सापडतो, हे १९९८ पासून ठाऊक आहे.

अटकमटक :
म्हणजे दोष त्यांच्या रक्ताचाच, असे म्हणायचे आहे का? मग शस्त्रक्रियेचे काय? सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगासाठी गोऱ्या रुग्णांपैकी सुमारे ७७ टक्क्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि कृष्णवर्णीयांपैकी ६४ टक्क्यांवर, हे १९९९ मध्येच छापून आले आहे. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, ते दोन्ही गटांतले रुग्ण जवळपास सारखेच जगले. हा फरक रक्तातला नव्हे.

शेवंता :
अवांतराबद्दल क्षमस्व. माझ्या न्यू जर्सीतल्या मावशीने आयुष्यात सिगारेटला हात लावला नाही, तरी तिला फुप्फुसाचा कर्करोग झाला. तिला कोणत्या अटीत बसवणार?

निंबोणी :
@शेवंता, कोणत्याही नाही. हा आजार झालेल्या आशियाई-अमेरिकन स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी कधीच धूम्रपान केलेले नसते आणि पॅक-इयरच्या अटीत त्यांना जागाच नाही.

कोरडवाहू :
@तिसरी_पाळी, एक गोष्ट अजून राहिली. बाई ६१ वर्षांच्या आहेत आणि तुम्ही तीसच वर्षे मोजली आहेत. पहिली सिगारेट त्यांनी एकतिसाव्या वर्षी ओढली का?

तिसरी_पाळी :
काल संध्याकाळी त्यांच्या दारातल्या पायऱ्यांवर बसून नीट विचारले. दवाखान्यातल्या मुलीने ‘रोज दहा कधीपासून’ असे विचारले होते, आणि बाईंनी ‘या घरात आल्यापासून’ असे खरे तेच उत्तर दिले. त्याआधी एकोणिसाव्या वर्षापासून बारा वर्षे त्या मोटारीच्या कारखान्यात रात्रपाळीला होत्या आणि तेव्हा रोज एक पाकीट संपत असे. ते कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. आता ‘दहा’ कशा, तेही पाहिले. अर्धी सिगारेट विझवून त्या कॉफीच्या डब्याच्या झाकणावर ठेवतात, तासाभराने तीच पेटवतात आणि फिल्टरला चटका बसेपर्यंत ओढतात. एवढाच धूर घ्यायला माझ्या नवऱ्याच्या मित्राला वीस लागतात.

कोरडवाहू :
बारा वर्षांचे बारा आणि तीस वर्षांचे पंधरा, म्हणजे सत्तावीस. दाद मागण्याची गरजच नाही. पुन्हा वेळ घ्या, दोन्ही काळ वेगवेगळे लिहून न्या आणि त्यांच्या नोंदीत दुरुस्ती करून घ्या. टास्क फोर्सची शिफारस असल्यामुळे खाजगी विम्यालाही हा स्कॅन सहसा रुग्णाकडून पैसे न घेता करावा लागतो.

अटकमटक :
आणि त्या कारखान्यात गेल्या नसत्या, तर पंधरावर घरी पाठवणे योग्य ठरले असते का? धागाकर्तीचा मूळ प्रश्न तोच होता.

तिसरी_पाळी :
गुरुवारी सकाळी सव्वानऊची वेळ मिळाली आहे. गाडी मी चालवणार आहे. बडीशेप त्यांना दिली, आवडली, आणि तिच्यावर त्यांनी एक सिगारेट ओढली.