क्रूझची शेवटची पहाट : उतरण्याचे अनुभव

क्रूझच्या सहलीविषयी लिहिताना आपण बहुधा जहाजावर पाऊल ठेवल्यापासून सुरुवात करतो आणि शेवटच्या रात्रीच्या जेवणापाशी थांबतो. त्यानंतरची पहाट, म्हणजे पाचच्या सुमारास जाग येण्यापासून बंदराच्या फाटकाबाहेर पडेपर्यंतचे चार-पाच तास, सहसा कोणी लिहून ठेवत नाही. माझ्या आईवडिलांच्या सहलीत नेमका तेवढाच भाग कठीण गेला, आणि त्याचे मूळ आदल्या रात्री मी घाईने भरलेल्या एका बॅगेत होते.

आम्ही सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेत पाहून परत सिंगापूरला आलो. शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये गटाचा क्रमांक छापलेले रंगीत टॅग ठेवले होते आणि मोठ्या बॅगा रात्री अकरापर्यंत दाराबाहेर ठेवाव्यात, अशी सूचना होती. या बॅगा रात्रीतून उचलल्या जातात आणि सकाळी टर्मिनलच्या दालनात आपापल्या रंगाच्या रांगेत मांडलेल्या मिळतात. ज्येष्ठांच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे. मात्र मी आईच्या थायरॉइडच्या गोळ्या आणि बाबांची रक्तदाबाची औषधे त्याच मोठ्या बॅगेत भरली होती. आई गेली कित्येक वर्षे पहाटे उपाशीपोटी ती गोळी घेते आणि मग काही वेळाने चहा घेते. त्या दिवशी पाच वाजता तिने उशाजवळ चाचपून पाहिले आणि मला हाक मारली, तेव्हा बॅग कुठल्या तरी खालच्या डेकवर शेकडो बॅगांमध्ये होती. ती हाती आली साडेनऊला. तोवर इमिग्रेशनच्या रांगेत बाबांना घेरी आल्यासारखे झाले आणि तेथील कर्मचाऱ्याने त्यांना बसायला खुर्ची दिली. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

सिंगापूरहून जाणाऱ्यांसाठी आणखी एक नोंद करून ठेवते. जहाज सिंगापूर सोडते तेव्हा आपण त्या देशाबाहेर गेलेलो असतो, त्यामुळे परतताना पुन्हा प्रवेश करावा लागतो. व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, आणि आगमनाचे ऑनलाइन कार्डही परतीसाठी नव्याने भरावे लागते. ते आदल्या दिवशी बंदरावर नेटवर्क असतानाच भरलेले बरे.

आपण कोणत्या बंदरात उतरलात, त्या पहाटे काय घडले, काय आधी ठाऊक असते तर बरे झाले असते, हे कृपया या धाग्यावर प्रतिसादात सविस्तर लिहावे.

*

आमचे जहाज मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत मुंबईलाच आले. मी मुद्दाम साडेचारला उठून वरच्या डेकवर गेलो आणि प्रत्येकाने एकदा तरी तसे करावे, असे मला मनापासून वाटते. जहाज दक्षिणेकडून बंदरात शिरते. आधी कुलाब्याच्या टोकाचे प्रॉन्ग्सचे दीपगृह दिसते, मग ससून डॉकमधल्या मच्छीमार बोटींचे दिवे, मग गेटवे आणि ताज आणि त्यापुढे नौदलाची गोदी. हे सगळे डाव्या हाताला. उजवीकडे घारापुरीचा डोंगर काळसर असतो आणि त्याच्या मागून उजाडू लागते. जन्म मुंबईत जाऊनही मी हे शहर समुद्राच्या बाजूने असे कधी पाहिले नव्हते.

उतरणे सोपे होते, पण वेळखाऊ होते. जहाज सहाला धक्क्याला लागले म्हणजे आपण सहाला मोकळे झालो, असा हिशेब करून आमच्यातल्या दोन कुटुंबांनी पुण्याच्या सकाळच्या गाडीचे आरक्षण केले होते. बॅलार्ड पियरहून सीएसएमटी हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे तो हिशेब चुकीचा वाटत नाही. परंतु दोर बांधणे, गँगवे म्हणजे उतरण्याचा पूल लावणे, कागदपत्रांची मंजुरी, मग गटवार पुकारा, या सगळ्यात दीड-दोन तास जातात. दोन्ही कुटुंबांची गाडी चुकली. एके काळी विलायतेहून येणाऱ्या टपाल बोटींच्या प्रवाशांसाठी याच धक्क्यावरून थेट रेल्वेगाडी सुटत असे, हे त्या वेळी फार आठवले.

*

वरील अनुभव वाचून मला माझ्या लहानपणची पहाट आठवली, म्हणून लिहितो. आम्ही मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने वेंगुर्ल्याला जात असू. बोट रात्रभर एकेक बंदर घेत जाई आणि वेंगुर्ले यायचे ते उजाडण्यापूर्वी. बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून भोंगा देई आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे माणसे ने-आण करणाऱ्या होड्या, कंदील हलवीत येत. पडाव लाटेबरोबर वर आला की त्याच क्षणी पाय टाकायचा, खाली गेला की थांबायचे. खलाशी बायकांना आणि मुलांना दंडाला धरून उतरवीत आणि ट्रंका, फणसाचे रिकामे हारे, वळकट्या वरून खाली झेलल्या जात. माझी आजी पडावात पाय ठेवण्यापूर्वी समुद्राला हात जोडत असे. त्या आधी रात्रभर निम्म्या लोकांना बोट लागलेली असे, तरी किनाऱ्याचा दिवा दिसला की सगळे उठून बसत.

गेल्या वर्षी मुलाने आम्हां दोघांना क्रूझला नेले. उतरताना सपाट, कठडा असलेल्या गँगवेवरून मी चालत बाहेर आलो. माझ्या गुडघ्यांना ते फार सोयीचे होते. तरीही, हात धरून कोणी उतरवून घेण्यात जी माया होती, तिची आठवण झाली, एवढे प्रामाणिकपणे सांगतो.

*

आम्ही ह्यूस्टनला राहतो. येथून गॅल्व्हेस्टन बंदर गाडीने तासाभरावर असल्यामुळे इथली बरीच मराठी कुटुंबे तिथूनच क्रूझला जातात. ज्यांना जानेवारी-फेब्रुवारीत जायचे आहे, त्यांच्यासाठी आमचा अनुभव उपयोगी पडावा.

शेवटच्या पहाटे मी सहाला पडदा बाजूला केला तर बाल्कनीचा कठडाही नीट दिसत नव्हता. हिवाळ्यात किनाऱ्याजवळचे पाणी थंड झालेले असते आणि मेक्सिकोच्या आखातावरची उबदार, दमट हवा त्यावर आली की दाट धुके धरते. अशा वेळी बंदराचे पायलट, म्हणजे जहाजांना वाट दाखवणारे वाटाडे, कुठल्याच जहाजाला चिंचोळ्या खाडीमार्गातून आत आणत नाहीत, कारण त्याच मार्गावरून तेलवाहू जहाजांचीही ये-जा चालू असते. कप्तानाने सातला घोषणा केली की आपण बाहेर समुद्रातच थांबलो आहोत आणि मार्ग केव्हा खुला होईल ते सांगता येत नाही.

आमच्या मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच गेल्या होत्या. हातातल्या पिशवीत मुलीचा एकच जादा फ्रॉक आणि दोन डायपर होते. दुपारी अडीचपर्यंत आम्ही त्यावर काढले आणि शेवटी एका अनोळखी गुजराती आजींनी त्यांच्या नातवाचे डायपर दिले. ज्यांची दुपारची विमाने होती, ते लोक स्वागतकक्षासमोर रांग लावून उभे होते. कर्मचारी शांतपणे प्रत्येकाशी बोलत होते, जेवणघर पुन्हा उघडले होते, केबिनही वापरू दिल्या होत्या. धुक्यासाठी कोणाला दोष देणार? दोष असलाच तर आपल्या नियोजनाचा. भारतातून आईवडील येणार असतील, तर उतरण्याच्या दिवशीच त्यांचे परतीचे विमान घेऊ नका; मधे एक रात्र ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन.

आणखी एक. टर्मिनलच्या दालनात सगळ्या बॅगा काळ्या किंवा निळ्या असतात. माझ्या सासूबाईंनी जुन्या साडीचा जरीचा काठ कापून प्रत्येक बॅगेला बांधला होता, त्यामुळे आमच्या चारही बॅगा लांबूनच ओळखू आल्या. हातात केळे किंवा सफरचंद घेऊन मात्र उतरू नये. ताजी फळे बाहेर नेता येत नाहीत आणि त्यासाठी वास घेणारे कुत्रे रांगेतून फिरत असतात.

*

मी गोव्याचा तारवटी. अनेक वर्षे क्रूझ जहाजांवर केबिन स्ट्यूअर्डचे काम केले, आता घरी असतो. आपण सर्वांनी ही पहाट प्रवाशाच्या बाजूने लिहिली आहे, मी दुसऱ्या बाजूने लिहितो.

आम्ही त्या दिवसाला टर्नअराउंड म्हणतो. त्याच एका दिवशी काही हजार माणसे उतरतात आणि दुपारपासून तितकीच नवी चढतात. माझ्याकडे साधारण सोळा ते वीस केबिन असत. आदल्या रात्री कॉरिडॉरमधल्या बॅगा ढकलगाड्यांवर चढवून लिफ्टने खालच्या लांब बोळात न्यायच्या, तिथे त्या रंगांप्रमाणे लोखंडी पिंजऱ्यांत भरायच्या; हे काम मध्यरात्र उलटून जाई. झोप तीन-चार तास. जहाज धक्क्याला लागताच पिंजरे फोर्कलिफ्टने बाहेर जातात. म्हणूनच रात्री दोन वाजता कोणी बॅग परत मागितली, तर ती शोधून देणे आम्हांला मनात असूनही जमत नाही. धागाकर्त्या ताईंच्या आईंना झालेला त्रास मी दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या बाबतीत पाहिला आहे. कोणाचे बूट गेलेले असत, कोणाचा चष्मा, कोणाचे कवळीचे डबे.

केबिन आठ-साडेआठपर्यंत रिकामी करा, असे आम्ही वारंवार सांगतो, तेव्हा काही जणांना ते हाकलल्यासारखे वाटते. त्यामागचा हिशेब असा की तेवढ्या केबिनमधल्या सगळ्या चादरी, टॉवेल बदलून, न्हाणीघर घासून, तिजोरी आणि खण तपासून दुपारी एकच्या सुमारास त्या नव्या पाहुण्यांना द्यायच्या असतात. अमेरिकेतल्या बंदरांत तर उतरणारा शेवटचा प्रवासी बाहेर पडून मोजणी शून्यावर आल्याशिवाय नव्या प्रवाशांना आत घेता येत नाही. एखादे कुटुंब केबिनमध्येच झोपलेले राहिले, तर खाली टर्मिनलमध्ये हजारो लोक ताटकळतात. घोषणेतून ज्या केबिनचे क्रमांक पुन्हा पुन्हा पुकारले जातात, ते याच कारणासाठी.

माझ्या स्वतःच्या उतरण्याचीही अशीच एक पहाट असे. आठ महिन्यांचा करार संपला की सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) आणि पासपोर्ट हातात मिळे आणि साइन-ऑफ करणारे, म्हणजे काम संपवून घरी निघालेले, आम्ही सात-आठ जण आमच्या बॅगा घेऊन उतरत असू. धक्क्यावरून मागे पाहिले की माझ्याच केबिनच्या रांगेतून नवा मुलगा चादरींचे गठ्ठे ओढताना गोल खिडकीतून दिसे. धाकटी मुलगी झाली त्या वर्षी मी बार्सिलोनात असा उतरलो. तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती पाच महिन्यांची होती. त्या पहाटे गँगवेवरच्या यंत्रात माझे कार्ड शेवटचे वाजले, तो आवाज अजून कानात आहे.

*

सिडनीत, सर्क्युलर कीवर आम्ही आजीसह उतरलो. मोठी जहाजे हार्बर ब्रिजखालून जाऊ शकत नाहीत, त्यामुळे त्यांना ऑपेरा हाउससमोरच्या या धक्क्यालाच थांबावे लागते, आणि त्यामुळेच पहाटेचे ते दृश्य प्रवाशांच्या वाट्याला येते.

आजीने न्यू कॅलेडोनियाच्या किनाऱ्यावर शिंपले गोळा केले होते. ऑस्ट्रेलियात प्राण्यांपासून आणि वनस्पतींपासून मिळालेल्या वस्तू आगमनाच्या कार्डावर जाहीर कराव्या लागतात, न केल्यास दंड होतो. काही सहप्रवाशांनी 'एवढेसे शिंपले, कशाला लिहिता' असे सुचवले. आजी म्हणाली, "लिही. खोटे सांगून घरात आणलेली वस्तू मी देवापुढे ठेवणार नाही." अधिकारी बाईंनी रुमाल उघडून प्रत्येक शिंपला उलटून पाहिला, ज्यात वाळू आणि आतला जीव अडकला होता तो एकच ठेवून घेतला आणि बाकीचे रुमालात होते तसे बांधून परत दिले. आम्हांला पंधरा मिनिटे जास्त लागली. घरी आल्यावर दोन दिवस आजीला पलंग हलत असल्यासारखे वाटत होते. दीर्घ समुद्रप्रवासानंतर तसे काहींना होते आणि आपोआप थांबते, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर ती निश्चिंत झाली.

*

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोव्याच्या दादांना एक विचारते. आईबाबा येत्या हिवाळ्यात मुंबईहून पुन्हा क्रूझला जाणार आहेत आणि या वेळी मी बरोबर नसेन. शेवटच्या सकाळी त्यांनी नेमके काय करावे?

*

ताई, आदल्या दिवशी दुपारीच त्यांनी स्ट्यूअर्डला सांगून शेवटच्या गटाचा टॅग मागावा आणि व्हीलचेअर लागणार असेल तर तेही तेव्हाच नोंदवावे. औषधे, चष्मे, पासपोर्ट, मोबाइलचा चार्जर आणि एक उबदार कपडा एका खांद्याच्या पिशवीत घालून ती पलंगाच्या पायथ्याशी ठेवावी, दाराजवळ नको. दाराजवळची पिशवी चुकून बाहेर जाते. खर्चाचा हिशेब रात्रीच पाहून घ्यावा, म्हणजे सकाळी त्या रांगेत उभे राहावे लागणार नाही. पहाटे तुमच्या आईंनी गोळी घेतली की दोघांनी वरच्या जेवणघरात जावे. इतक्या लवकर तिथे गर्दी नसते. काही वेळाने चहा घेऊन डाव्या बाजूच्या खिडकीपाशी बसावे, म्हणजे गेटवे दिसेल. आणि निघताना केबिनची तिजोरी उघडून तिचे दार तसेच उघडे ठेवावे.